मठार

तांबट आळीतले मुरलीधर वडके
माझ्या मशीनवर हनुवटी टेकवण्याआधी
कड नखानं वाजवून बघतात.
"किती गेजचा पत्रा?"

मी म्हणते, काका, हिरव्या ठिपक्याकडे बघा.
ते माझ्याकडे बघतात.
पंचेचाळीस वर्षं हातोडा. कान कधीच गेले.
आता उजव्या डोळ्यातही मधोमध धूर:
हंड्याचा काठ दिसतो, तळ दिसत नाही.

दोन फोटो हलले.
मग मी अंगठीनं टेबलाचा पत्रा वाजवला.
एक ठोका म्हणजे वर. दोन म्हणजे खाली.
तीन म्हणजे हलायचं नाही.
हे त्यांना ऐकू आलं,
किंवा हनुवटीच्या हाडातून कळलं असेल.
रांगेतलं कोणीतरी हसलं.

रंगीत फोटोत
पडदा तांब्याचाच असतो माणसाचा,
चिंचेनं घासून उपड्या ठेवलेल्या घंगाळासारखा.
त्यावर पिवळट, वेडेवाकडे डाग,
एकमेकांचं बोट धरून मध्याकडे सरपटत निघालेले.
फोटो इतकंच सांगतो, की कोणीतरी आत आलंय.
अजून आहे की गेलं, त्याला विचारू नये.

दुसऱ्यात रंग नाहीत.
तिथं डागांच्या आत राख दिसते
आणि कडेला, गोवरीच्या कडेला असतो तसा, निखारा.
राख जुनी. निखारा आजचा.

तिसरं यंत्र सुरीशिवाय उभा काप काढतं.
पडद्याचे थर सरळ जाता जाता
एका जागी विस्कटतात,
आणि त्याखाली काहीतरी फुगलंय
कल्हईखाली ओल शिरावी तसं.

चौथ्यासाठी सिस्टर शीर शोधते.
हातातून डोळ्यात पोचायला रंगाला बारा-पंधरा सेकंद,
मोजायचं काम माझं.
रंग आधी डागांना टाळतो, ते काळेच राहतात.
मग उशिरा, आपण वाट बघणं सोडल्यावर, कडेनं पाझरतो.
'अंग पिवळं दिसेल, लघवीही. उद्यापर्यंत,' मी लिहून दाखवते.
काका वाचतात. "म्हणजे पुन्हा हळद लागली."

डॉक्टर नाझनीन तांबोळी
चारही चित्रं एका पडद्यावर मांडून गप्प बसतात.
एकट्या फोटोवर त्या कधीच औषध लिहीत नाहीत.
हातावर टोचायला सांगतात, छातीचा सीटी सांगतात.
तिसऱ्या दिवशी हातावर अठरा मिलिमीटरची गाठ,
छातीत एक सुजलेली ग्रंथी,
आणि काकांची तक्रार:
"टीबी कसा? मी तर कधी खोकलो नाही."
डॉक्टर कागदावर मोठ्या अक्षरात लिहितात:
'डोळ्याला खोकता येत नाही.'

चार गोळ्या. त्यातली एक
क्वचित डोळ्याच्याच नसेवर उठते,
म्हणून दर महिन्याला ठिपक्यांच्या पाटीतले आकडे वाचायचे.
लाल हिरव्यात मिसळायला लागला की लगेच सांगायचं.
तांबं पितळेसारखं दिसलं तर, असं मी समजावते.
काका दुखावतात.
"ते मला आंधळा झालो तरी कळेल. वासानं."

दीड महिन्यानं पुन्हा सगळं. चारही.
निखारा विझलाय. कड काळी पडलीय.
तक्त्यावर दोन ओळी जास्त वाचल्या,
तिसरीत अडकले.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवते.
पहिल्यांदाच बघतायत स्वतःच्या डोळ्याचा तळ.
बराच वेळ. मान तिरकी करून.
"मठार चुकलाय," म्हणतात.
"ठोक्यावर ठोका पडलाय. शिकाऊ पोराचा हात."
आणि मग, माझ्याकडे न बघता,
"उलट्या बाजूनं ठोकून काढता येतो का?"

मी मान हलवते.
ते आधीच मान हलवत असतात.

आता डावा.
त्याला काही झालेलं नाही, पण तोही काढावा लागतो दर वेळी.
हनुवटी टेकवतात. कपाळ पट्टीला लावतात.
मी अंगठी सारखी करते,
तीन ठोके देते
आणि श्वास धरते, माझाच.